दुसरा फटका

छापलेल्या अक्षरावर विश्वास न ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला सासरा म्हणून आला. पंचांग तेवढं मामंजी मानत, पण तेही तपासून. ग्रहण दिलेलं असलं की काजळी धरलेली काच घेऊन अंगणात खुर्ची टाकून बसायचे, आणि सूर्याचा कोपरा कुरतडलेला दिसला की "लागलं हो, बरोबर लागलं" असं पंचांगवाल्याला शाबासकी द्यावी तसं म्हणून मग आंघोळीला उठायचे. बाकी जगात जे जे छापतात ते विकण्यासाठी छापतात, आणि विकण्यासाठी जे बोलतात ते वापरून पाहिल्याशिवाय खरं नव्हे, असं त्यांचं ठाम मत. असा माणूस वकील झाला असता, मास्तर झाला असता, निदान फौजदार तरी. हे काय झाले? दुकानदार! देवालाही कधीकधी थट्टा सुचते ती अशी.

दुकान बाजारपेठेत आणि त्याच्या मागे आमचं बिऱ्हाड. साबण, केसांची तेलं, दंतमंजनं, विजेऱ्या, कंदील, छत्र्या, असला सगळा मुंबईहून बोटीने उतरणारा माल. मालाबरोबर कंपन्यांच्या रंगीत जाहिराती यायच्या आणि इतर दुकानदार त्या आल्या तशा दारावर डकवून मोकळे व्हायचे. आमच्याकडे आधी तपासणी! मालाने जाहिरातीतला शब्द पाळला, तर मामंजी देवघरातल्या कुंकवात अनामिका बुडवून खोक्यावर एक बोट उमटवायचे. नाही पाळला, तर तेवढ्या शब्दांवर लाल शाईची रेघ ओढायची, शेजारी बारीक वळणदार अक्षरात खरं काय ते लिहायचं आणि मगच जाहिरात दारावर लावायची. "सर्व डाग एका धुण्यात नाहीसे" याच्यापुढे लाल अक्षरात "काजूच्या बोंडूचा डाग आणि फणसाचा चीक सोडून". "केस दाट होतात" याच्यापुढे "मुळात असल्यास". "वाऱ्याला न उलटणारी छत्री" याच्यापुढे "बाजारपेठेत उलटत नाही, मांडवीच्या बंदरावर उलटते". लोक आमच्या दुकानात येत ते ही लाल शाई वाचायला. पोट धरधरून हसायचे, बोट उमटलेला माल असेल तर घ्यायचे आणि नसेल तर हात हलवीत घरी जायचे. एवढ्यावर दुकान कसं चालायचं ते आमचे हे, म्हणजे मामंजींचे एकुलते चिरंजीव, जाणोत आणि ती लक्ष्मी जाणो.

तपासणीला माणसं लागत, आणि ती मामंजी घरातूनच घेत. सासूबाईंच्या भावाचं टक्कल ह्या कामी फार उपयोगी पडलं. सगळा चातुर्मास त्यांच्या डोक्याच्या डाव्या अर्ध्या भागाला तेल चोळलं आणि उजवा अर्धा कोरा ठेवला, म्हणजे तुलना करता यावी. केस एकही उगवला नाही. डावी बाजू मात्र अशी चकाकायला लागली की तुळशीच्या लग्नाला ते टोपी काढायला तयार होईनात. विजेरीचा उजेड मैलभर जातो असं एका कंपनीने छापलं, तेव्हा मामंजींनी मिरकरवाड्याच्या एका तांडेलाला होडी घेऊन समुद्रात धाडलं आणि स्वतः धक्क्यावर विजेरी धरून उभे राहिले, अधूनमधून "दिसतं काऽऽय?" अशी हाळी घालत. तांडेल भला माणूस. परत येऊन म्हणाला, "काका, उजेड कवाच गेला. तुमचा आवाज मात्र शेवटपत्तुर येत व्हता." लगेच जाहिरातीवर लाल शाई पडली: "हाकेच्याही अलीकडे". सासूबाई नेहमी म्हणायच्या, "घरात मी तेवढी बिनतपासणीची राहिले." त्यावर मामंजी म्हणायचे, "तुझी जाहिरात कुणी केली होती?"

माझी मात्र झाली होती हो! गुहागरला आमच्या ओटीवर मामंजी मुलगी बघायला आले, तेव्हा माझ्या वडिलांनी मोठ्या तोंडाने सांगितलं, "मुलगी शांत आहे, कामसू आहे आणि खोटं म्हणून बोलायची नाही." मामंजींनी पोह्यांचा एक घास घेतला आणि मला विचारलं, "पोहे कसे झालेत गो?" मी म्हटलं, "मीठ जास्त पडलंय. आणि मी नाही केलेले, काकूने केलेत." वडील जमिनीकडे बघायला लागले. मामंजींनी बशी निपटून खाल्ली आणि लग्न ठरवून उठले. पण म्हणून जाहिरात मान्य केली असं थोडंच! सासरी येऊन महिना होतो न होतो तोच मी एकदा रागाने तपेली आपटली आणि त्याच दिवशी "शांत" ह्या शब्दावर रेघ पडली. कामसूपणा गणपतीच्या धामधुमीत कसाला उतरला. राहिलं ते तिसरं. एकदा मीच विचारलं, "मामंजी, खरं बोलणं तर पोह्यांतच सिद्ध झालं ना?" तर म्हणतात कसे, "पोह्यांचं खरं बोलायला काय लागतं? त्यात तुझं काही जात नव्हतं. तपासणी चालू आहे." अस्सा राग आला मला! पुढे कित्येक वर्षं मी टोचून विचारत राहिले आणि उत्तर ठरलेलं. "चालू आहे, सूनबाई. चालू आहे."

आता गोल्फचं सांगते. गावाच्या वरच्या अंगाला जो सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आहे, तिथे तेव्हा साहेबलोक हा खेळ खेळायचे. जज्जसाहेब, कलेक्टरसाहेब, असेच आणखी दोघे-तिघे. कातळ तापून लाल झालेला, गवत पावसाळ्यापुरतं, जिकडेतिकडे करवंदीच्या जाळ्या, आणि त्यातून हे लोक एका पांढऱ्या चेंडूमागे संध्याकाळभर चालत. मागून शिपाई काठ्यांची पिशवी खांद्याला लावून. बरेच दिवस सासूबाईंची समजूत होती की साहेबाचं काहीतरी हरवलंय आणि तो रोज शोधायला येतो. साहेबांच्या काठ्या लाकडी दांड्याच्या होत्या. एकोणीसशे तीस सालच्या सुमाराला पोलादी दांड्याच्या नव्या काठ्या निघाल्या, आणि दसऱ्याच्या आधी मुंबईच्या एका कंपनीचा एजंट त्यांची पेटी घेऊन बोटीने आमच्या दुकानात उतरला. मधोमध भांग, अंगाला अत्तराचा वास, बोलण्यात साखर. पेटीबरोबर दाराएवढी जाहिरात. तिच्यावर चौकडीची तोकडी विजार घातलेला एक गोरा काठी उगारून उभा, आणि चेंडू ढगांत. खालचं इंग्रजी ह्यांनी मामंजींना मराठीत वाचून दाखवलं: "पोलादी दांड्याची नवी काठी! कुणीही मारा! पहिल्याच फटक्यात चेंडू नेहमीपेक्षा तीस वार पुढे, आणि बाणासारखा सरळ! वयाची अट नाही, ताकदीची गरज नाही, सरावाची गरज नाही!"

मामंजी म्हणाले, "पहिल्याच फटक्याला 'नेहमी' कुठून आणलं ह्यांनी?"

एजंट मनापासून हसला. मग त्याची नजर दारावरच्या लाल शाईवर गेली आणि हसू विरलं. पण गडी धंद्यात मुरलेला. खुर्ची पुढे ओढून त्याने सरळ सांगितलं की कंपनीला जिल्ह्यासाठी एक भरवशाचं दुकान हवं आहे. काठ्या हे निमित्त. साबणापासून औषधांपर्यंत कंपनीचा झाडून सारा माल जिल्ह्यात ज्याच्या हातून जाईल, ती एजन्सी आम्हाला मिळेल. अटी दोनच. ही जाहिरात दारावर कोरी लागली पाहिजे, लाल शाईचा ठिपका नको. आणि दिवाळीनंतर सड्यावर साहेबलोकांपुढे काठीचं प्रात्यक्षिक झालं पाहिजे. जज्जसाहेबांनी म्हणे कंपनीला सांगितलं होतं की बाजारपेठेतला म्हातारा हो म्हणेल तर मी सबंध संच घेईन.

"तपासून सांगतो," मामंजी म्हणाले.

हे मागे उभे होते. ह्यांचा चेहरा मला आजही दिसतो. किती वर्षं वाट पाहिली होती ह्यांनी असल्या संधीची! बरोबरीचे मित्र मुंबईला जाऊन चाळीत का होईना पण चार पैसे गाठीला बांधून येत, आणि हे लाल शाईच्या दुकानात पुड्या बांधत बसलेले. कधी वडिलांपुढे तोंड उघडलं नाही, पण त्या दिवशी जेवताना म्हणाले, "अण्णा, एवढी एक जाहिरात सोडून द्या." मामंजी ताक पीत होते. म्हणाले, "खरी असली तर सोडीन की. खरी करून दाखवायचा मी सगळा प्रयत्न करीन. माझा शब्द." आणि मलाही ती एजन्सी हवी होती. खोटं कशाला बोलू? शिवणाचं यंत्र कुठल्या खिडकीशी ठेवायचं हेसुद्धा मी मनात ठरवून टाकलं होतं.

मग मामंजींनी जो ध्यास घेतला, त्याला तोड नाही. जज्जसाहेबांच्या शिपायाकडून एक जुनी लाकडी काठी मागून आणली, कारण "नेहमी" काय असतं ते आधी कळायला हवं. रोज पहाटे धोतराचा काचा मारून, डोक्याला काळी टोपी, काखेत दोन काठ्या आणि खांद्यावर विहिरीचा दोर घेऊन सड्यावर निघायचे. दोर अंतर मोजायला. इकडे घरात विहिरीवर कळशी घेऊन मी उभी, पण दोराशिवाय पाणी काय माझ्या हाकेने वर येणार? मामंजी परत येईपर्यंत चूल थंड. सासूबाई बोलून बोलून थकल्या. "साठी बुद्धी नाठी म्हणतात ती ही!" पहिले कितीतरी दिवस त्यांनी चेंडू सोडून बाकी सगळ्याला मारलं. मातीला मारलं, वारुळाला मारलं, स्वतःच्या पायाला मारलं, एकदा काठी धोतरात अडकून गिरकी घेतली ती करवंदीच्या जाळीत. मी काटे काढत होते तेव्हा विचारलं, "मामंजी, कशाला हा उपद्व्याप? लिहून टाका ना लाल शाईने, की खोटं आहे म्हणून." तर उसळले माझ्यावर. "मारता न आल्यावर खोटं म्हणायला कोणीही म्हणेल! आधी मारता येऊ दे. माल विकणाऱ्यालाही न्याय हवा गो."

आणि शिकले की हो. साठीच्या घरातला माणूस, आयुष्यात विटीदांडूसुद्धा खेळला नसेल, तो दिवाळीपर्यंत चेंडू असा हाणायला लागला की जज्जसाहेबांचा शिपाई "व्वा काका" म्हणू लागला. एका सकाळी चेंडू दिसेनासा होईतो लांब गेला. मामंजी दोर घेऊन धावत गेले, मोजलं, आणि पडलेल्या तोंडाने परत आले. "कातळावर पडला," म्हणाले. कातळावर पडलेला चेंडू टणकन उडून आणखी तेवढाच जायचा. त्यात काठीचं काय कर्तृत्व? ते असले फटके धरत नसत. मऊ गवतात पडलेले तेवढेच मोजायचे. हिशेब झाला तो असा की नव्या काठीने चेंडू जातो थोडा पुढे, नाही असं नाही, पण तीस वार म्हणजे एक माड आडवा पाडून त्याला पुढे अर्धा जोडावा लागेल, तेवढा काही जात नाही. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण मामंजी म्हणाले, "थांब. माझं धरता येत नाही. जाहिरातीत 'पहिल्याच फटक्यात' म्हटलंय, आणि माझे तर शेकडो झाले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी बघू."

तो दिवस उजाडला. सड्यावर खुर्च्या मांडलेल्या, साहेब, मड्डमा, कचेरीतली मंडळी, आणि दोन माणसांच्या खांद्यांवर बांबू देऊन त्याला ती दाराएवढी जाहिरात टांगलेली. अजून कोरी. सासूबाई आणि मी कोकमाच्या सरबताची घागर घेऊन एका कडेला. एजंटाने कोट काढला आणि स्वतः मारायला पुढे झाला. मामंजी म्हणाले, "हे नकोत. हे पगारी आहेत." एजंट म्हणाला, मग साहेबांचा शिपाई मारील. "त्याचा जन्म गेला ह्या काठ्यांत. तोही नको." मग तुम्हीच मारा. "मी सराव केलाय. 'कुणीही' म्हणजे ज्याने कधी हात लावलेला नाही असा माणूस पाहिजे." कचेरीतली मंडळी एकमेकांच्या मागे लपायला लागली, कारण साहेबापुढे फजिती कोण करून घेणार? मामंजींची नजर फिरत फिरत कडेला आली, घागरीवरून माझ्यावर आली आणि थांबली.

"सूनबाई, ये गो इकडे."

"अहो, लाज सोडलीत की काय!" सासूबाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या की मड्डमा वळून बघायला लागल्या. हे पांढरे पडले. मला तर संतापच आला. चारचौघांत, परक्या पुरुषांपुढे, नऊवारी नेसलेल्या सुनेने साहेबाची काठी घेऊन नाचायचं! पण मामंजींनी तोवर काठी माझ्या हातात दिलीसुद्धा. म्हणाले, "जोरात मार. मुद्दाम वाईट मारू नकोस आणि मुद्दाम चांगलं मारायला जाऊ नकोस." मी पदर खोचला. विहिरीचा दोर आठवला, थंड चूल आठवली, "चालू आहे, सूनबाई" आठवलं, आणि भात झोडपतात तशी ती काठी उगारून अंगातला सगळा राग त्या चेंडूवर काढला.

कसं झालं देवाला ठाऊक! टाळी वाजल्यासारखा आवाज आला. हाताला काही लागलंसुद्धा नाही. चेंडू वर गेला, सरळ गेला, समुद्राच्या बाजूला लहान लहान होत गेला आणि दूर गवतात पडला. कातळावर नव्हे, मामंजी स्वतः धावत जाऊन बघून आले. दोर टाकला. मामंजींच्या आजवरच्या सगळ्यात लांबच्या फटक्याहून तीस वार आणि वर थोडं. जज्जसाहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, एजंटाने हॅट हवेत उडवली. आणि ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, असं पाहिलं की लग्नातही पाहिलं नव्हतं.

मामंजी सावकाश जाहिरातीपाशी गेले. कनवटीची कुंकवाची डबी काढली. "जाहिरात खरी ठरली," असं मोठ्याने म्हणाले, आणि बोट कुंकवात बुडवलं. मग तसंच बोट वर धरून ते माझ्याकडे वळले.

"सूनबाई, पुन्हा मारशील?"

एजंट मध्येच आला. "काका, जाहिरातीत दुसऱ्या फटक्याचा शब्दसुद्धा नाही!"

"नाही, खरं आहे तुमचं," मामंजी म्हणाले. "म्हणून तर मी सांगत नाही, विचारतोय. वाटलं तर मार गो. नाहीतर हे बोट लावतो आणि चला घरी."

सगळा सडा माझ्याकडे बघत होता. हात दुखला म्हटलं असतं तरी पुरे होतं; घरंदाज सुनेने एकदा मारलं हेच खूप, कोणी नाव ठेवलं नसतं. हे माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत विनवणी होती. पण काठी धरलेल्या माझ्या हातांना पक्कं कळलं होतं की मघाशी जे झालं ते माझं नव्हे आणि काठीचंही नव्हे. बोलाफुलाला गाठ पडली होती. आणि तिकडे तो जज्ज, गोरा असला म्हणून काय झालं, माझ्या सासऱ्याच्या बोटावर भरवसा ठेवून काठ्या घ्यायला बसला होता. ह्यांच्याकडे पाहिलं असतं तर मला धीर झाला नसता. म्हणून नाही पाहिलं.

"मारते," मी म्हटलं.

दुसरा फटका मी अगदी पहिल्यासारखाच मारला. तेवढ्याच रागाने, तेवढ्याच जोराने. काठी चेंडूच्या वरून गेली, मला घेऊन फिरली, आणि मी सगळ्या साहेबांसमोर बैठक मारली. उठले, पुन्हा मारला. चेंडूने एक उडी घेतली आणि तो मामंजींच्या वहाणेपाशी येऊन थांबला. जज्जसाहेब हसून हसून लाल झाले. मामंजी हसले नाहीत. त्यांनी बोटाचं कुंकू उपरण्याला पुसलं, खिशातून दौत आणि टाक काढला आणि "कुणीही मारा" च्या खाली लिहिलं: "पहिला फटका खरा. दुसऱ्याचा भरवसा नाही."

एजंटाने जाहिरात बांबूवरून ओरबाडली. एजन्सी गेली, हे काही त्याला सांगावं लागलं नाही. मामंजींनी बंदरावर माणूस पाठवून काठी परत केली, तर एजंटाने बोटीवरूनच सांगितलं, "ठेवा तुमच्याकडेच. बायकांनी हात लावलेली काठी कुठला साहेब घेणार?" महिन्याभरात वरच्या आळीच्या दुकानावर तीच जाहिरात कोरी लागली, आणि साबणापासून औषधांपर्यंत सगळा माल त्या दुकानात उतरायला लागला. घरात हे वडिलांशी बोलेनासे झाले. माझ्याशी एकदाच बोलले. पानावर बसले होते, मान वर न करता म्हणाले, "हात दुखला म्हणाली असतीस तर?" मी म्हटलं, "दुखला नव्हता." त्यांनी भात कालवला आणि जेवून उठले. त्या दिवशी मी चुलीपुढे बसून पोटभर रडून घेतलं, धुराचं निमित्त करून. खरं बोलून बरं वाटतं म्हणतात ना, काही बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात चहा घेऊन गेले तर मामंजींनी ती काठी आपल्या गादीमागे भिंतीला टांगलेली, आणि तिच्या पोलादी दांड्यावर कुंकवाचं ठसठशीत बोट! माझा पारा चढला. "मामंजी, फसलेल्या मालाला बोट? एवढं सगळं घालवून वर हिला बोट?" त्यांनी चहाचा घोट घेतला. म्हणाले, "काठीला नाही लावलेलं. गुहागरच्या ओटीवर एक जाहिरात ऐकली होती, तिची तपासणी सड्यावर संपली. तुझ्या कपाळाला सासऱ्याने बोट लावलेलं चांगलं दिसत नाही, म्हणून तिथे लावलं." मी कप उचलून आत आले.

हळूहळू ह्यांचा रुसवा गेला. आधी पुड्या बांधताना "अण्णा, दोरा द्या" एवढंच, मग हिशेबाचं, मग सगळंच. शिवणाचं यंत्र पुढे फार उशिरा आलं आणि तेही जुनं. मामंजी शेवटी दोन पावसाळे अंथरुणाला खिळून होते. डॉक्टरांनी एक शक्तीचं औषध दिलं होतं, बाटलीवर छापलेलं: "एका महिन्यात नवी उभारी". मी म्हटलं, "मामंजी, देऊ लाल शाई?" क्षीण आवाजात म्हणाले, "महिना कुठे झालाय? मुदतीआधी खोडायचं नाही." तो महिना काही पुरा झाला नाही. बाटलीवर ना रेघ पडली ना बोट.

आता दुकान हे बघतात, आणि जाहिराती येतात तशाच लागतात. लाल शाई कोण वापरणार, आणि वाचणार तरी कोण? खोटं दिसलं तरी मी पण बोलत नाही. पण खंडेनवमीला तराजू, वजनं, कात्री, सगळं घासूनपुसून पाटावर मांडते, तेव्हा भिंतीवरची ती काठीही उतरवते. तिच्यावरचं कुंकू वर्षभरात पुसट होतं. मग मी अनामिका कुंकवात बुडवून त्याच जागी पुन्हा बोट उमटवते, आणि कोणी जवळ नसलं तर हळूच म्हणते, "मामंजी, दुसरा फटका अजून बसत नाही हो."